रोगाची नोंद आणि फॉर्म भरणारा माणूस

एजवेअरहून नॉर्दर्न लाइनची गाडी सुटली की बर्न्ट ओकनंतर लगेच कॉलिंडेल येते. आपल्यापैकी कितीतरी जण रोज सकाळी या स्टेशनातून पुढे ऑफिसला जातात. मीही गेली काही वर्षे जातो आहे. स्टेशनाबाहेरच्या कॉलिंडेल अव्हेन्यूवर एक मोठी सरकारी इमारत आहे, ती सार्वजनिक आरोग्याच्या प्रयोगशाळेची आहे, एवढेच मला ठाऊक होते. संसर्गजन्य रोगांवर लक्ष ठेवणारे राष्ट्रीय केंद्र १९७७ साली येथेच सुरू झाले आणि आज ही जागा यूके हेल्थ सिक्युरिटी एजन्सीकडे आहे, हे पुढे कळले. सुट्टीत कोल्हापूरला जाऊन आलेल्या एजवेअरच्या एखाद्या मुलाला टायफॉइड निघाला, तर त्याची खबर फिरून फिरून शेवटी आपल्या घरापासून दोन स्टेशनांवर येऊन पोहोचते.

ही खबर पोहोचते कशी, कोण पोहोचवतो आणि मध्येच ती हरवते का, हा आजच्या लेखाचा विषय आहे. मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आहे. तेव्हा औषधोपचाराबद्दल मी काही सांगणार नाही. परंतु रोगाची नोंद आता संगणकावर होते, संगणकाचे फॉर्म माझ्यासारखे लोक बनवतात, आणि ते वाईट बनवले तर काय होते हे मी स्वतःच्या कामात आणि स्वतःच्या घरात पाहिले आहे.

कायदा जुना, फॉर्म नवा

डॉक्टरने संसर्गजन्य रोगाची खबर सरकारला द्यायची, हा कायदा या देशात १८८९ साली झाला. लंडनमध्ये तो लगेच सक्तीचा झाला आणि दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, सगळीकडे लागू झाला. त्या कायद्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. खबर देणाऱ्या डॉक्टरला फी मिळे. खासगी रुग्ण असेल तर अडीच शिलिंग आणि सरकारी नोकरीतला डॉक्टर असेल तर एक शिलिंग. म्हणजे फॉर्म भरणे हे काम आहे, त्याला वेळ लागतो आणि वेळेला किंमत असते, हे तेव्हाच्या पार्लमेंटलाही समजत होते.

आज इंग्लंडमध्ये २०१० चे नियम लागू आहेत. क्षय, गोवर, टायफॉइड, मलेरिया, डांग्या खोकला, अन्नातून झालेली विषबाधा अशा ठरावीक रोगांचा नुसता संशय आला तरी डॉक्टरने तीन दिवसांत लेखी कळवायचे असते आणि प्रकरण तातडीचे असेल तर २४ तासांत तोंडी. प्रयोगशाळेच्या रिपोर्टची वाट पाहायची नसते. शिवाय प्रयोगशाळाही आपल्या बाजूने वेगळी खबर देतात. कळवायचे असते स्थानिक काउन्सिलच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला. एजवेअरमध्ये राहणाऱ्यांना यातली गंमत लगेच कळेल. आपल्या हाय स्ट्रीटची एक बाजू बार्नेटमध्ये आणि दुसरी हॅरोमध्ये आहे. रोग रस्ता ओलांडताना काउन्सिल पाहत नाही, पण फॉर्मला मात्र पाहावी लागते.

आपल्याकडे भारतात २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तीन फॉर्म होते. आरोग्यसेविकेने लक्षणे पाहून भरायचा एस, डॉक्टरने निदानाच्या अंदाजावरून भरायचा पी आणि प्रयोगशाळेने भरायचा एल. आठवड्याचा हिशेब आठवड्याला वर जाई. पुढे २०१८ पासून काही राज्यांत आणि एप्रिल २०२१ मध्ये देशभर नवी संगणकीय व्यवस्था आली, जिच्यात रोजच्या रोज, गावपातळीवरून मोबाइलवर नोंद करता येते. कल्पना उत्तम आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो मोबाइल हातात धरणाऱ्या माणसाचा.

यंत्राआधी माणूस असतो, हे आपल्या इतिहासातही दिसते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला आहे, हे ओळखले ते डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी. त्यांच्याजवळ ना पोर्टल होते ना अॅप. रुग्ण पाहिले, शंका आली आणि ती त्यांनी बोलून दाखवली. संगणकाचे काम त्या शंकेला लवकर योग्य ठिकाणी पोहोचवणे एवढेच आहे. तिच्या वाटेत उभे राहणे हे त्याचे काम नव्हे.

पंधरा हजार आठशे एकेचाळीस

आता आपण सर्वांनी पाहिलेली गोष्ट. २०२० चा सप्टेंबर संपत होता, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि कोविडची दुसरी लाट चढत होती. खासगी प्रयोगशाळांकडून आलेले चाचण्यांचे निकाल पब्लिक हेल्थ इंग्लंड एक्सेलच्या फाइलींमध्ये घेत असे आणि तेथून पुढे पाठवत असे. फाइल होती जुन्या एक्सएलएस प्रकारची. या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. एका रुग्णाच्या माहितीला अनेक ओळी लागत, त्यामुळे एका फाइलीत साधारण १४०० रुग्णच बसत. त्यापुढचे रुग्ण नुसते गळून पडत. इशारा नाही, लाल अक्षर नाही, काही नाही.

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांत असे १५,८४१ रुग्ण राष्ट्रीय आकड्यांतून निसटले. ५ ऑक्टोबरला आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांना पार्लमेंटमध्ये उभे राहून हे सांगावे लागले. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता, हे खरे. परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्या लोकांना शोधून फोन करण्याचे काम तितके दिवस मागे पडले. दोन अर्थशास्त्रज्ञांनी नंतर अंदाज केला की या एका चुकीमुळे सव्वा लाखाहून जास्त लोकांना जादा लागण झाली आणि दीड हजारांहून जास्त मृत्यू झाले. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे. तो निम्म्याने चुकला आहे असे धरले तरी उरतो तो आकडा लहान नाही.

तेव्हा आमच्या ऑफिसात सगळे हसले होते. दहा लाखांहून जास्त ओळी मावणारी नवी फाइल २००७ पासून उपलब्ध असताना तेरा वर्षांनी जुनी वापरतात म्हणजे काय! मीही हसलो. पण नंतर विचार केला की ती फाइल हाताळणाऱ्या माणसाला दोष देऊन काय उपयोग? त्याच्यासमोरच्या पडद्यावर सगळे ठीकच दिसत होते. चूक झाली आहे हे जी व्यवस्था सांगत नाही, ती वापरायला सोपी आहे असे म्हणताच येत नाही. किंबहुना ती फार सोपी वाटते म्हणूनच धोक्याची असते.

माझी स्वतःची चूक

हसणाऱ्या माणसाने स्वतःचेही सांगावे. काही वर्षांपूर्वी मी एका कंत्राटावर रुग्णांच्या नोंदीचा फॉर्म बनवत होतो. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती, माझी होती. फॉर्ममध्ये 'लक्षणे कधी सुरू झाली' असा एक रकाना होता. साथीच्या अभ्यासात ही तारीख सर्वांत महत्त्वाची, म्हणून मी तो रकाना सक्तीचा केला. तारीख भरल्याशिवाय पुढचे पान उघडायचेच नाही. मला वाटले, आता माहिती पूर्ण मिळेल.

माहिती पूर्ण मिळाली. तीन महिन्यांनी आलेख काढला, तर दर महिन्याच्या एक तारखेला रुग्णांचा डोंगर उभा! मी प्रोग्राममध्ये दोन दिवस चूक शोधत बसलो. शेवटी एका अनुभवी नर्सबाईंना विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, पेशंट म्हणतो दोन-तीन आठवड्यांपूर्वी कधीतरी. तुमचा फॉर्म पुढे जाऊ देत नाही. बाहेर वीस माणसे बसलेली असतात. मग आम्ही एक तारीख टाकतो."

'नक्की माहीत नाही' असे एक बटण ठेवले असते तर हे झाले नसते. ते बनवायला मला एक तास लागला असता. मी त्या फॉर्मवर चार महिने काम केले होते आणि त्या चार महिन्यांत ज्या खोलीत तो भरला जाणार होता त्या खोलीत एकदाही गेलो नव्हतो. तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. रिकामा रकाना प्रामाणिक असतो, खोटा भरलेला रकाना नव्हे.

मामांची गोष्ट

दुसरी गोष्ट घरची आहे. माझे मामा सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहतात. एसटीतून निवृत्त झालेले. २०१९ च्या सुरुवातीला त्यांना खोकला लागला, वजन उतरले. गावातल्या खासगी डॉक्टरांनी एक्स-रे काढला, थुंकी तपासली आणि क्षयाची औषधे सुरू केली. निदान बरोबर, औषधे बरोबर. दोन-अडीच महिन्यांत मामांना भूक लागू लागली, खोकला थांबला, आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या. मी फोनवर विचारले तेव्हा म्हणाले, "अरं, बरं वाटाय लागलं. मग कशाला उगाच पैसं घालवायचं?"

भारतात २०१२ च्या मे महिन्यापासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. त्याच वर्षी त्यासाठी निक्षय नावाची संगणकीय व्यवस्था सुरू झाली. नोंद झाली की सरकारी कर्मचारी रुग्णाच्या संपर्कात राहतो, औषध थांबले तर विचारपूस होते, घरातल्या लहान मुलांची तपासणी होते. एप्रिल २०१८ पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये थेट बँकेत मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले आहेत. खासगी डॉक्टरलाही नोंदीबद्दल ५०० आणि उपचार पूर्ण झाल्याचे कळवल्यावर आणखी ५०० रुपये ठरवलेले होते. अडीच शिलिंगांचाच हा भारतीय अवतार म्हणायचा.

मामांना यांतले काहीच मिळाले नाही. कुणी फोन केला नाही, कुणी घरी आले नाही. सात-आठ महिन्यांनी खोकला परत आला. आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या चार वर्षांच्या नातीच्या मानेला गाठ आली. तपासणी झाली, तीही क्षयाचीच. ती पोर रोज आजोबांच्या मांडीवर बसून जेवत होती.

मी त्या डिसेंबरात गावी गेलो तेव्हा रागारागाने दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला कंपाउंडरकडे पाठवले. त्याने एक वही दाखवली. तीत मामांचे नाव होते, पत्ता होता, तारीख होती, सगळे स्वच्छ मराठीत. संगणकावर तो शनिवारी संध्याकाळी बसे, कारण इतर दिवशी वेळ नसे. शनिवारी वीज असेल तर नेट नसे आणि नेट असेल तर पान अर्ध्यात अडके. अर्धे भरलेले सगळे पुन्हा पहिल्यापासून. मामांचे नाव आधारवर एक, बँकेच्या पासबुकात दुसरे आणि त्याच्या वहीत तिसरे. इंग्रजी स्पेलिंग कोणते घालावे हे न कळून त्याने ते बाजूला ठेवले होते, आणि बाजूला ठेवलेले बाजूलाच राहिले. "साहेब, एक दिवस इथं बसून बघा," तो मला म्हणाला. मी बसलो. दोन तासांनी माझा राग गेला. माझ्याच्यानेही चार रुग्णांच्या पुढे भरले गेले नाहीत.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की निक्षय ही काही फसलेली व्यवस्था नाही. २०१९ याच वर्षी देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले पावणेसात लाखांच्या आसपास खासगी क्षेत्रातले होते. काही वर्षांपूर्वी खासगी रुग्णांचा पत्ताच लागत नसे, त्या मानाने ही फार मोठी मजल आहे. परंतु माझ्या दृष्टीने त्या वर्षी आकडा एकाने कमी होता, आणि तो एक माझा मामा होता. मामा आणि नात दोघेही सरकारी दवाखान्यातून औषधे घेऊन पुढे पूर्ण बरे झाले. पोरीला सहा महिने औषधे घ्यावी लागली. आता ती शाळेत जाते.

दंड की दुरुस्ती?

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते, की डॉक्टरांना शिस्त नाही, दंड करा. भारत सरकारने मार्च २०१८ मध्ये तसे केलेही. क्षयाची नोंद न करणाऱ्या डॉक्टरांवर आणि औषध दुकानदारांवर फौजदारी कलमांखाली कारवाई होऊ शकेल, असे राजपत्रात जाहीर झाले. कायद्याचा धाक काही प्रमाणात हवा, हे मी नाकारत नाही. ज्याला नोंद करायचीच नाही त्याला धाकानेच वळवावे लागेल. पण आमचा कंपाउंडर नोंद करायला तयार होता. त्याला दंड केला असता तर त्यानेही माझ्या फॉर्ममधल्या नर्सबाईंसारखे केले असते, म्हणजे काहीतरी भरून मोकळा झाला असता. धाकाने रकाने भरतात, पण ते खरे भरतील याची हमी धाक देत नाही.

महाराष्ट्रातले आणखी एक उदाहरण पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल फोन सरकारलाच परत केले. बालकांच्या पोषणाची नोंद ज्या अॅपवर करायची ते इंग्रजीत, फोनची मेमरी तोकडी, फोन तापतो आणि अडकतो, दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. वर्षानुवर्षे मराठीत चोख रजिस्टरे ठेवणाऱ्या या बायका. त्यांना तंत्रज्ञान नको होते असे म्हणणे अन्याय आहे. त्यांना चालणारे तंत्रज्ञान हवे होते. विकणाऱ्याने फोन दिला, बनवणाऱ्याने अॅप दिले, पण वापरणारीला आधी कुणी विचारले नाही.

सोपेपणा मोजायचा कसा?

आमच्या धंद्यात याला यूजेबिलिटी म्हणतात, आणि ती मोजता येते. १९८६ मध्ये इकडेच रेडिंगला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या जॉन ब्रुक यांनी दहा प्रश्नांची एक यादी बनवली. 'ही व्यवस्था मला उगाच गुंतागुंतीची वाटली', 'हिच्यासाठी मला जाणकाराची मदत लागेल' अशी दहा विधाने, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि शेवटी शंभरपैकी एक आकडा. सर्वसाधारण व्यवस्थांची सरासरी ६८ च्या आसपास येते. दहा मिनिटांचे काम आहे आणि फुकट आहे. अमेरिकेच्या सीडीसीनेही २००१ मध्ये रोगसर्वेक्षणाच्या व्यवस्था कशा तपासाव्यात याची मार्गदर्शिका काढली. तीत सोपेपणा आणि वापरणाऱ्यांची स्वीकृती हे गुण वेग आणि अचूकपणा यांच्या बरोबरीने मांडले आहेत.

माझे मत असे की नुसत्या गुणपत्रिकेवर थांबू नये. 'आवडले का?' हा प्रश्न ऑफिसात विचारला तर सगळे आवडले म्हणतात. रोगाची नोंद करणारी कोणतीही व्यवस्था, मग ती कॉलिंडेलची असो की सांगलीची, पाच साध्या प्रश्नांवर तपासावी.

पहिला, खऱ्या जागी, खऱ्या गर्दीत, खऱ्या नेटवर एक नोंद पूर्ण व्हायला किती मिनिटे लागतात? दुसरा, वीज किंवा नेट मध्येच गेले तर भरलेले टिकते का? तिसरा, 'माहीत नाही' असे खरे उत्तर देण्याची सोय आहे का? चौथा, काही हरवले किंवा अडले तर ते कुणाला दिसते का, की एक्सेलच्या त्या ओळींसारखे गुपचूप गळून पडते? आणि पाचवा, नोंद करणाऱ्याला उलट काही मिळते का? म्हणजे 'तुमच्या खबरीवरून या भागात तपासणी झाली' असे एखादे तरी वाक्य. ज्या विहिरीत टाकलेल्या दगडाचा आवाज येत नाही, तिच्यात माणूस किती दिवस दगड टाकेल?

पैशाचा हिशेब

हे पान आरोग्याबरोबर अर्थकारणाचेही असल्यामुळे दोन शब्द खर्चाबद्दल. या देशात कोविडच्या काळात चाचण्या आणि संपर्कशोध यांसाठी दोन वर्षांचे मिळून ३७ अब्ज पौंड राखून ठेवले होते. एवढ्या पैशाच्या शेजारी एक जुनी एक्सेल फाइल बसली होती. २८ सप्टेंबर २०२० पासून कमी उत्पन्नाच्या लोकांना घरी विलग राहण्यासाठी ५०० पौंड मिळण्याची योजना सुरू झाली. त्यासाठी टेस्ट अँड ट्रेसकडून आलेला क्रमांक लागे. ज्याला फोनच उशिरा आला त्याला तो क्रमांक वेळेवर कोठून मिळणार? म्हणजे फॉर्मची चूक आरोग्यातून थेट घरखर्चात उतरते.

आणि दुसरा, लहान हिशेब. समजा, एका नोंदीला वाईट फॉर्ममुळे पाच मिनिटे जादा लागतात आणि आरोग्यसेविका दिवसाला दहा नोंदी करते. पन्नास मिनिटे गेली. आठवड्याचे सहा दिवस धरले तर पाच तास. हे पाच तास कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाहीत, कारण ते तिच्या आयुष्यातून जातात. माझ्या बाजूने पाहिले तर तो फॉर्म दुरुस्त करायला एका इंजिनिअरचा एक आठवडा लागेल. सरकारने सॉफ्टवेअर विकत घेताना करारातच लिहावे, की निम्मे पैसे ते चालू झाल्यावर आणि उरलेले निम्मे वापरणाऱ्यांच्या जागी जाऊन तपासणी झाल्यावर. घर बांधताना आपण कंत्राटदाराला सगळे पैसे आधी देतो का?

आपण काय करावे?

धोरणे आपल्या हातात नाहीत, पण काही गोष्टी आहेत. भारतातून आल्यावर ताप किंवा लांबलेला खोकला असेल तर जीपीला आपण होऊन सांगा की अमुक गावी होतो, अमुक तारखेला परतलो. डॉक्टरने विचारेपर्यंत थांबू नका. आपल्या नावांचा गोंधळ येथेही होतो. पासपोर्टवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये असते, दवाखान्यात ते गळते आणि एका माणसाच्या दोन माणसे होतात. म्हणून दहा आकडी एनएचएस क्रमांक मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी तोच द्या. आरोग्य विभागाचा फोन आला, प्रश्नांची लांबलचक यादी विचारली, तर चिडू नका. ते चौकशी करत आहेत ती शेजारच्या मुलासाठी.

क्षय म्हटले की आपल्या घरांत अजूनही आवाज खाली येतो. मुलीच्या लग्नाचे काय, व्हिसाचे काय! येथे लांब मुदतीच्या व्हिसावर येताना आपण सगळ्यांनी छातीचा एक्स-रे काढलेलाच आहे, तेव्हा हा रोग आपल्याला नवा नाही. इंग्लंडमध्ये क्षयाची तपासणी आणि उपचार एनएचएसमध्ये सर्वांना मोफत आहेत, व्हिसा कोणताही असो. नोंद ही शिक्षा नव्हे.

गावी कुणा नातेवाइकाला क्षयाची औषधे सुरू झाली असतील तर पैसे पाठवण्याआधी एक प्रश्न विचारा, "निक्षयमध्ये नोंद झाली का? क्रमांक मिळाला का?" आधार आणि बँक यांतले नाव एकसारखे आहे का तेही पाहून घ्या. हा प्रश्न मी मामांना २०१९ च्या मार्चमध्ये विचारला असता तर... पण मला तेव्हा तो ठाऊक नव्हता. म्हणून येथे लिहितो आहे.

आणि शेवटचे माझ्या व्यवसायबंधूंसाठी. आपल्या मंडळात सॉफ्टवेअरवाले कमी नाहीत. एनएचएससाठी, काउन्सिलांसाठी, भारतातल्या कंपन्यांसाठी आपण फॉर्म बनवतो. पुढचा फॉर्म बनवण्याआधी एक दिवस तो भरणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसा. भारतात सुट्टीवर गेलात तर गावच्या आरोग्य केंद्रात परवानगी घेऊन एक सकाळ काढा, काय अडते ते लिहून आणा. अशी टिपणे कुणाकडे असतील तर मला मंडळाच्या कार्यक्रमात जरूर भेटा. चार-सहा जण जमलो तर ती नीट लिहून योग्य त्या खात्याकडे पाठवू. उत्तर येईल की नाही ते सांगता येत नाही. पण खबर देणे तर आपल्या हातात आहे.